व्यासांनी काहीच का झाकलं नाही?

आषाढी पौर्णिमेला यावलच्या व्यास मंदिरात गर्दी लोटते. सातपुड्याच्या पायथ्याचं हे तालुक्याचं गाव. केळीच्या बागा आणि डोंगरातलं अभयारण्य ही त्याची बाहेरची ओळख. पण जळगाव-भुसावळकडच्या माणसाला यावल म्हटलं की आधी व्यास आठवतात. हडकाई-खडकाई नद्यांच्या काठी महर्षी व्यासांचं वास्तव्य होतं, महाभारताचा काही भाग त्यांनी इथेच रचला, अशी इथली श्रद्धा आहे. बद्रीनाथजवळच्या माणा गावात व्यास गुंफा दाखवतात, यमुनेकाठचं काल्पी व्यासांचं जन्मगाव म्हणवून घेतं. एवढ्या मोठ्या ग्रंथाचा कर्ता एकाच गावाच्या वाट्याला कसा यावा!

गुरुपौर्णिमेलाच व्यासपौर्णिमा म्हणतात. गुरूचा मान वर्षात ज्या दिवशी सर्वांत मोठा, तो दिवस व्यासांच्या नावाचा. आणि गुरूनं शिष्यावर केलेला आपल्या परंपरेतला बहुधा सर्वांत क्रूर अन्याय सांगितला, तोही व्यासांनीच.

एकलव्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण ती शाळेच्या पुस्तकातून. तिथे ती गुरुभक्तीवर संपते. आदिपर्वात तसं होत नाही. एकलव्य हा निषादांचा राजा हिरण्यधनू याचा मुलगा. निषाद म्हणून द्रोण त्याला शिकवायला नकार देतात. तो रानात मातीचा द्रोण करून विद्या मिळवतो आणि भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बाणांनी भरून टाकतो. ते पाहून अर्जुन अस्वस्थ होतो आणि द्रोणांना एकांतात गाठून त्यांच्याच शब्दाची आठवण करून देतो: तुझ्यापेक्षा सरस शिष्य मी होऊ देणार नाही, असं तुम्ही म्हणाला होता. मग अंगठा मागितला जातो. त्या मागणीला निवेदक ‘दारुण’ असं विशेषण लावतो, आणि अंगठा तुटल्यावर अर्जुनाच्या जिवाची तगमग शांत झाली हेही नोंदवतो. पुढे कितीतरी पर्वं ओलांडून, द्रोणपर्वात, खुद्द कृष्ण अर्जुनाला सांगतो की एकलव्याचा अंगठा गेला तो तुझ्या हितासाठी. ग्रंथकर्त्याला हे प्रकरण विसरायचं असतं, तर ते पुन्हा उकरून काढायचं काहीच कारण नव्हतं.

यावल तालुक्यात सातपुड्याच्या अंगाला भिल्ल, पावरा, तडवी राहतात. देशभरातले अनेक आदिवासी समाज एकलव्याला आपला पूर्वज मानतात. केंद्र सरकारनं 1997-98 पासून आदिवासी मुलांसाठी ज्या निवासी शाळा काढल्या, त्यांना नाव दिलं तेही एकलव्याचं. ज्याला शिकू दिलं नाही त्याच्या नावाची शाळा निघाली, ही गोष्ट महाभारतात टिकून राहिली म्हणूनच.

तरी प्रश्न उरतोच. ज्या ग्रंथाला पाचवा वेद म्हणायचं, त्यात इतकी वाईट वागणारी इतकी मोठी माणसं कशाला? आजोबा मुलींना रथात घालून पळवून आणतात, धर्मराज बायको पणाला लावतो, आचार्य अंगठा कापून घेतात, आणि देवाचा अवतार निःशस्त्र कर्णावर बाण सोडायला सांगतो.

यावर आपल्याकडे एक उत्तर तयार असतं: हे सगळं प्रक्षिप्त आहे. मूळ ग्रंथ निर्मळ होता, कुणीतरी नंतर घाण घुसडली. उत्तर सोयीचं आहे, पण त्याची तपासणी झालेली आहे, आणि तीही महाराष्ट्रातच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं 1919 मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायला घेतली. शारदा, नेपाळी, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतली 1,259 हस्तलिखितं जमवून श्लोकाशी श्लोक ताडून पाहिला गेला. 1925 ते 1943 विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक होते, त्यांच्यामागे श्री. कृ. बेलवलकर आणि प. ल. वैद्य यांनी काम पुढे नेलं. 1966 मध्ये ते पुरं झालं.

या चाळणीतून काय गळालं? व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतोय, हा प्रसंग गळाला. द्रौपदीनं धावा करावा आणि कृष्णानं वस्त्रं पुरवावीत, हाही गळाला. सभापर्वाचे संपादक फ्रँकलिन एजर्टन यांच्या 1944 च्या पाठात वस्त्रं येत राहतात, पण तिचा धावा नाही आणि कृष्णाचं येणंही नाही. एकलव्याचा अंगठा मात्र जागच्या जागी राहिला. लाक्षागृह राहिलं, खांडववनाची होळी राहिली, भरसभेत द्रौपदीचं वस्त्र ओढायला सांगणारे कर्णाचे शब्द राहिले. जिथे मनाला बरं वाटतं तिथे नंतरची भर जास्त निघाली, आणि जिथे घशाशी येतं ते जुनं निघालं.

जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकांना याचं फारसं नवल वाटत नाही. नकलाकार अवघड जागा सोपी करतो, खटकणारी जागा गुळगुळीत करतो. उलटं सहसा करत नाही. म्हणून दोन पाठ समोर आले तर अवघड पाठाकडे जुना म्हणून पाहावं, असा पाठचिकित्सेत दंडकच आहे. वाईट गोष्टी नंतर घुसडल्या म्हणणाऱ्यांना हे लक्षात घ्यावं लागेल की भाविक नकलाकारांचा हात नेमका उलट्या दिशेनं चालत होता. त्यांनी देवाला आत आणलं. लाज बाहेर काढणं मात्र त्यांना जमलं नाही, किंवा त्यांनी ते केलं नाही.

आणि लाजेची सुरुवात तर कर्त्याच्या घरापासूनच होते. महाभारताचा कर्ता महाभारतातलं एक पात्र आहे, आणि ते पात्र काही उजळ माथ्यानं मिरवणारं नाही. पराशर ऋषींना यमुना ओलांडायची असते, होडी वल्हवणारी असते एका कोळ्याच्या घरी वाढलेली मत्स्यगंधा. ऋषी मागणी करतात. ती शापाला भिते, बापाला भिते. त्या संबंधातून बेटावर जन्मलेला मुलगा म्हणजे कृष्णद्वैपायन व्यास. पुढे हीच मत्स्यगंधा सत्यवती म्हणून हस्तिनापूरची राणी होते, तिचा मुलगा विचित्रवीर्य निपुत्रिक मरतो, आणि ती वंशासाठी व्यासाला बोलावते. व्यास म्हणतो, सुनांना वर्षभर व्रत करू दे. आईला धीर नाही. मग तो म्हणतो, तर त्यांनी माझा कुरूपपणा सोसावा. पुढचं वर्णन कर्त्यानं स्वतःचंच केलेलं आहे: काळा रंग, पिंगट जटा, पेटलेले डोळे, अंगाला वास. अंबिका भीतीनं डोळे मिटून घेते, अंबालिका पांढरीफटक पडते. एकीला आंधळा मुलगा होतो, दुसरीला फिकट. तिसऱ्या वेळी अंबिका स्वतः जात नाही; दासीला आपले दागिने घालून पाठवते, आणि विदुर जन्मतो.

या दोघींना कुणी विचारलं नव्हतं. त्यांचं भय व्यासांनी गाळलं असतं, तर धृतराष्ट्राचं आंधळेपण नुसतं दैव ठरलं असतं. भय लिहिल्यामुळे सगळ्या युद्धाचं मूळ एका बळजबरीच्या रात्रीपाशी जातं, आणि त्या रात्रीतला पुरुष स्वतः कर्ताच असतो. जगाच्या वाङ्मयात असा कबुलीजबाब शोधायला बराच वेळ लागेल.

महाभारत वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. अन्याय झाला की बहुतेक वेळा तिथल्या तिथे कुणीतरी तोंड उघडतं. द्यूतसभेत द्रौपदी रडत बसत नाही, कायद्याचा मुद्दा काढते: स्वतःला आधी हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा हक्क कुठला? भीष्म धर्म सूक्ष्म आहे म्हणून बाजूला होतात, आणि कौरवांतलाच विकर्ण उठून तिची बाजू घेतो. युद्धानंतर गांधारी प्रत्यक्ष कृष्णाला उभं करून विचारते, तुला थांबवता येत होतं तर थांबवलं का नाहीस? तिचा शाप मौसलपर्वात अक्षरशः खरा होतो. अवतारालाही माफी नाही. युधिष्ठिराचा अश्वमेध थाटात पार पडतो तेव्हा अर्ध्या सोन्याच्या अंगाचं मुंगूस येऊन सगळ्या ऋत्विजांसमोर सांगतं की एका उपाशी ब्राह्मणाच्या मूठभर सातूच्या दानाची सर या यज्ञाला नाही.

सर्वांत धीट जाब मांडव्य ऋषीचा. चोर समजून राजानं त्याला सुळावर दिलं. तो तडक यमधर्माकडे गेला. लहानपणी तू किड्यांना काडी टोचली होतीस, त्याचं हे फळ, असं उत्तर मिळालं. मांडव्य म्हणाला, एवढ्याशा गुन्ह्याला एवढी शिक्षा? त्यानं धर्मालाच शाप दिला की तू शूद्र स्त्रीच्या पोटी जन्म घेशील, आणि वर नियम घालून दिला: चौदा वर्षांपर्यंतच्या वागण्याचं पाप धरायचं नाही. तो शापित धर्म म्हणजे विदुर. साक्षात धर्मदेवता चुकते, तिला दंड होतो आणि कायदा बदलतो. ग्रंथ निव्वळ आदर्शांची यादी असता, तर असलं प्रकरण त्यात आलंच नसतं. महाभारत चालतं न्यायसभेसारखं; तिथे आरोपी कितीही मोठा असो, साक्ष नोंदवली जाते.

म्हणून अशा गोष्टी नमुना म्हणून दिल्या आहेत असं समजणारा भक्त आणि असं समजणारा टीकाकार, दोघेही एकाच जागी घसरतात. ग्रंथात एखादं कृत्य आहे म्हणजे ग्रंथाला ते मान्य आहे, असं होत नाही.

1830 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत हाच वाद पेटला होता. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन पुराणांतल्या देवादिकांची कृत्यं पुढे करून विचारत, असल्यांना तुम्ही पूजता? मोरभट दांडेकरांनी हिंदू बाजूनं पुस्तक लिहिलं, विल्सन यांनी त्याला छापील उत्तर दिलं. पुढे 1857 मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी गिरगावच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद घालत. वास्तविक विल्सन यांच्या हातातल्या बायबलात तरी काय होतं? शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दावीद राजा गच्चीवरून बथशेबेला अंघोळ करताना पाहतो, तिला बोलावून घेतो, आणि ती गरोदर राहिल्यावर तिचा नवरा उरीया याला लढाईत पुढच्या फळीत ठेवून मारवतो. तसा हुकूम असलेलं पत्र सेनापतीकडे नेतो कोण? बिचारा उरीयाच. तिथेही तोंड उघडणारा माणूस आहे. नाथान संदेष्टा राजाला गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो, राजाला संताप येतो, आणि नाथान म्हणतो की तो माणूस तूच.

याच बायबलात नंतर लिहिलेलं इतिहासाचं पहिलं पुस्तक आहे. त्यात दावीद त्या मोसमात यरुशलेममध्ये राहिला एवढं सांगून लेखक थेट लढाईच्या निकालावर जातो. बथशेबा नाही, उरीयाचा खून नाही, नाथानाची मेंढी नाही. स्वच्छ दावीद हवा असणारी माणसं तिथेही होती. ज्यांनी दोन्ही पुस्तकं एकाच ग्रंथात बांधली, त्यांनी मात्र स्वच्छ प्रत ठेवली म्हणून मळकी टाकून दिली नाही.

आपल्या संतपरंपरेचं तर याच्याही पुढचं आहे. तिथे नुसतं झाकलं नाही असं नव्हे, कित्येकदा डाग मुद्दाम लावून घेतलेला दिसतो. खानदेशातलीच उदाहरणं पाहा. चाळीसगावजवळचं वालझिरी वाल्मीकींचं ठिकाण म्हणून दाखवतात. वाटसरूंना लुटणारा वाल्या कोळी त्यांचं पूर्वरूप, हे मराठी घरात पोरासोरांनाही माहीत असतं. पण ही कथा वाल्मीकिरामायणात नाही. ती स्कंदपुराण, अध्यात्मरामायण अशा नंतरच्या ग्रंथांतून आली. आदिकवी सोज्वळ असून लोकांचं भागलं नाही, त्यांना तो दरोडेखोर असायला हवा होता. कारण मग नाम घेणाऱ्या कुणालाही वाट मोकळी होते. मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं मंदिर आहे. चौदाशे वर्षं जगलेला, वाघावर बसून येणारा हा योगी लक्षात राहिला तो त्याच्या सिद्धीमुळे कमी आणि फजितीमुळे जास्त: ज्ञानदेवांना पत्रात काय लिहावं हे न कळून त्यानं कोरा कागद धाडला, आणि अखेर वयानं पोर असलेल्या मुक्ताईला गुरू केलं. त्याच मुक्ताईच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतमंडळींची डोकी ठोकून पाहिली, आणि त्यात नामदेव कच्चा निघाला. नामदेवाला मानणाऱ्या वारकऱ्यांनीच ही कथा सातशे वर्षं सांगत आणली आहे.

इथवरचं चित्र जरा जास्तच नीटनेटकं वाटेल. सगळेच प्रसंग असे नाहीत.

एरंडोल ही महाभारतातली एकचक्रानगरी, असं खानदेशात मानतात. पांडव इथे ब्राह्मणवेषात राहिले, भीमानं बकासुर मारला, आणि तिथून जवळच पद्मालयाला भीमकुंड दाखवतात. पण पांडव या नगरीत आले ते वारणावताच्या लाक्षागृहातून निसटून. निघायच्या रात्री कुंतीनं जेवण घातलं होतं. एक निषाद बाई आपल्या पाच मुलांना घेऊन तिथे आली, पिऊन तिथेच झोपली. भीमानं घर पेटवलं. सकाळी सहा जळालेली शरीरं सापडली, आणि कुंतीसह पांडव मेले अशी सगळ्यांची खात्री पटली. या बाईला ग्रंथात नाव नाही. तिच्यासाठी कुणी द्रौपदी प्रश्न विचारत नाही, कुणी मांडव्य शाप देत नाही. युधिष्ठिर, जो पुढे बारीकसारीक पापांसाठी पर्वंच्या पर्वं कष्टी होतो, तो तिच्यासाठी कष्टी झालेला दिसत नाही. इथे व्यासांनी अंतरात्मा जागा ठेवून लिहिलं असं म्हणणं म्हणजे वकिली होईल. सांगणाऱ्यांना या सहा मरणांत काही खटकलंच नसावं, हे मान्य करणं जास्त प्रामाणिक आहे.

अशी मरणं खटकली ती फार नंतर, आणि एका मराठी बाईला. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’नं (1967, साहित्य अकादमी पुरस्कार 1968) महाभारतातल्या माणसांकडे मानवशास्त्रज्ञाच्या थंड नजरेनं पाहिलं. खांडववन जाळून तिथल्या प्राण्यांना आणि नागांना संपवणं त्यांनी पराक्रमाच्या खात्यात जमा केलं नाही. त्याच वर्षी शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली, आणि मराठी घराघरांत कर्ण उदात्त नायक झाला. कादंबरी म्हणून तिची ताकद कुणी नाकारणार नाही. पण मूळ सभापर्वातला कर्ण तिच्यात पुरता मावत नाही. इतिहासाच्या पुस्तकानं दावीदाचं जे केलं, तेच लाडक्या पात्राचं कादंबऱ्या आणि मालिका करतात.

जोतीराव फुल्यांनी त्याच्या कितीतरी आधी, 1873 मध्ये ‘गुलामगिरी’त दशावतारांच्या कथा हरलेल्यांच्या बाजूनं वाचल्या आणि वामनासमोर बळीला उभं केलं. मराठी शेतकऱ्याला हे नवं नव्हतं. पुराणात बळी पाताळात जातो, पण दिवाळीत आपल्याकडच्या बायका ओवाळताना राज्य मागतात ते बळीचंच. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये रामकृष्णांच्या वर्तनावर थेट प्रश्न आहेत. महाराष्ट्र शासनानं 1987 मध्ये तो ग्रंथ छापला तेव्हा विरोधात आणि बाजूनं मोठे मोर्चे निघाले. शेवटी, या मतांशी शासन सहमत असेलच असं नाही, अशी टीप घालून प्रकरण मिटलं. फुले-आंबेडकरांचा मुद्दा असा की, या गोष्टी नुसत्या सांगितल्या गेल्या नाहीत, त्यांच्या आधारानं माणसांना जागा दाखवून दिली गेली. तो खोडता येत नाही. एकलव्याची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ‘बघा, किती आज्ञाधारक’ अशा सुरात सांगितली गेली आहे. पण ज्या पुराव्यावर त्यांनी हा खटला उभा केला, तो पुरावा त्याच ग्रंथांनी जपून ठेवलेला होता, हेही खरं. ग्रंथ शुद्ध करून टाकले असते, तर फुल्यांना बळी सापडला नसता.

डोंगरातल्या सांगणाऱ्यांनी तर पुण्या-मुंबईच्या वादांची वाटही पाहिली नाही. उत्तर गुजरातेतल्या खेडब्रह्मा भागातले डुंगरी भिल्ल आपलं स्वतःचं ‘भारथ’ गातात. भगवानदास पटेल यांनी ते टिपून छापलं. त्यात वासुकी नाग अर्जुनाच्या घरात शिरतो आणि त्या अजिंक्य धनुर्धराला बांधून ठेवतो. तो सुटतो ते कर्णामुळे.

तेव्हा महाभारताच्या वाचकानं संक्षिप्त आणि संस्कारक्षम आवृत्त्यांवर थांबू नये. चिपळूणकर मंडळींचं संपूर्ण मराठी भाषांतर मोठ्या ग्रंथालयांत आजही मिळतं. निदान आदिपर्व आणि सभापर्व तरी त्यातून सलग वाचावं. आणि घरात मुलांना एकलव्य सांगताना अर्जुनाची तक्रार, द्रोणांचा शब्द आणि अंगठा तुटल्यावर अर्जुनाला वाटलेला दिलासा, हे तिन्ही सांगावं. द्रोण असे का वागले, हे मूल विचारेलच. त्याला गप्प बसवू नये.